आधी हो म्हण

ग्वेल्फ, १६ जानेवारी २०१७

पर्सी,

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तू 'हो वहिनी, बरं वहिनी' याच्या पुढे जात नाहीस, आणि काल तुझ्या मुलीने मला जे सांगितलं ते 'बरं वहिनी'ने मिटणारं नाही.

क्लॅरिसा म्हणाली, "आंटी, ही हॅड अ स्टेंट इन नोव्हेंबर. ही डिडन्ट टेल यू?" नाही, ही डिडन्ट. नोव्हेंबरात दोन रविवार तू आला नाहीस तेव्हा मला सांगितलंस की गाडी दुरुस्तीला दिली आहे. गाडीला स्टेंट घालत नाहीत, पर्सी. मी आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवलं आहे. गृहपाठ का आणला नाही याची कारणं मी तुझ्यापेक्षा चांगली ऐकली आहेत.

डॉक्टरने तुला बर्फ उपसायला साफ मनाई केली आहे, हेही मला क्लॅरिसाकडूनच कळलं. आणि तू परवा, फ्रीझिंग रेनचा इशारा असताना, हॅमिल्टनहून हायवे सिक्सने गाडी हाकत आलास. मी उठायच्या आत माझा ड्राइव्हवे शोव्हल केलास, मीठ टाकलंस आणि गेलास. गराजमध्ये ठेवलेला चहा उभ्याने प्यायलास, कप बर्फाने पुसून उपडा घातलास. सहा हिवाळे हेच चाललं आहे. स्वयंपाकघराचं दार गराजमध्येच उघडतं. ते तू एकदाही वाजवलेलं नाहीस.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबरात मी बर्फ काढणारा माणूस पूर्ण सीझनसाठी ठरवला होता. तो फिरकला नाही म्हणून मी त्याला फोनवर झाडलं, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या दिरांनी मला नको म्हणून सांगितलं." मला दीर नाही.

क्लॅरिसाने ब्रॅम्पटनला बेसमेंट तयार करून ठेवलं आहे. तू जात नाहीस, कारण ती गाडीची चावी काढून घेईल आणि 'मग वहिनींचं कोण बघणार'. कारण विचारलं तर म्हणतोस, 'स्टीव्हनला शब्द दिलाय.' तिला वाटतं मी तुला धरून ठेवलं आहे. ती मोठ्याने म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं.

तेव्हा सरळ विचारते. माझ्या नवऱ्याने मरताना तुझ्याकडून नेमका काय शब्द घेतला? तो माझ्याबद्दल असेल तर मला तो ऐकायचा हक्क आहे. उत्तर लेखी पाठव.

लुर्डस


हॅमिल्टन, २३ जानेवारी २०१७

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे.

स्टेंटचं सांगितलं नाही कारण तुम्ही काळजी केली असती आणि मग रागावला असता. आता नुसत्याच रागावलात, म्हणजे थोडं वाचलं. क्लॅरिसा उगीच घाबरते. डॉक्टर म्हणाला जड बर्फ उचलू नको. तुमच्याकडचा हलका होता.

त्या माणसाला मी दीर आहे असं म्हणालो नाही. मी म्हणालो, 'माय सिस्टर-इन-लॉज हाउस.' दुसरं काय म्हणणार? त्याचा ट्रक मी बघितला आहे. पुढचा बर्फ ढकलायचा प्लाऊ असा फिरवतो की कडेची गुलाबाची झाडं जातात. ती स्टीव्हनने लावलेली आहेत.

एप्रिलात विंटर टायर काढायला येईन. तोपर्यंत पुढच्या डाव्या टायरची हवा बघत जा.

शब्दाचं म्हणाल तर तो स्टीव्हनचा आणि माझा आहे. आम्ही गास गावच्या शाळेत एका बाकावर बसलो, एका विमानाने इथे आलो. वहिनी, काही गोष्टी राहू द्या.

तुमचा,
पर्सी


ग्वेल्फ, ३० जानेवारी २०१७

पर्सी,

मी तुला एक प्रश्न विचारला होता. तू मला टायरची हवा सांगितलीस.

ठीक आहे. दुसऱ्या बाजूने येते. लायब्ररीत दर बुधवारी आम्हा म्हाताऱ्यांसाठी वर्ग असतो, मध्ययुगातल्या फ्रेंच प्रेमकथांचा. बी.ए.ला मी हे वाचलं होतं तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. आता वाचते तर दर पानाला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. या कथांत नाइट असतो. नाइट म्हणजे चिलखत घातलेला घोडेस्वार सरदार, एका मालकाच्या शब्दाला बांधलेला आणि एका बाईच्या प्रेमालाही. दोन्ही दोऱ्या दोन बाजूंना ओढतात, आणि तो मधोमध उभा राहून चांगला दिसतो. सगळा ताप बाकीच्यांना.

गेल्या आठवड्याची कथा ऐक. एक सरदार लढाईत मरतो. मरताना आपल्या मित्राकडून, म्हणजे आपल्या नाइटकडून, वचन घेतो. गडावर सरदाराची बायको एकटी आहे. गडाखाली नदी, नदीला एकच उतार, म्हणजे चालत पार करता येईल अशी जागा. नाइट त्या उतारावर तंबू ठोकतो आणि वर्षानुवर्षं तिथे पहारा देतो. जो येईल त्याच्याशी लढतो. चोर आला, लढला. व्यापारी आला, लढला. एक भला माणूस बाईला लग्नाचं विचारायला आला, त्यालाही घोड्यावरून पाडलं, बाईला न विचारता. बाई रोज गडावरून जेवण पाठवते. हा भांडी नदीत धुऊन परत पाठवतो. वर एकदाही जात नाही.

वर्गातल्या सगळ्यांना हे फार सुंदर वाटलं. एका बाईने डोळे पुसले. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, हा माणूस बहिरा आहे.

तुझं काय मत? आणि 'वहिनी, तुमचं बरोबर आहे' असं लिहू नकोस.

लुर्डस


हॅमिल्टन, ९ फेब्रुवारी २०१७

प्रिय वहिनी,

तुमचं बरोबर नाही. आता खूश?

मला तो नाइट पटला. आमच्या स्टीलच्या प्लांटमध्ये नियम होता. शिफ्ट संपली तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येऊन चार्ज घेत नाही तोवर फर्नेस सोडायची नाही. पाय दुखो, बायको वाट बघो. एकदा बर्फात रिलीव्हर अडकला तर मी आणि एक इटालियन दुसऱ्या दिवसापर्यंत उभे होतो. कोणी आम्हाला बहिरे म्हणालं नाही. बहिरा मी नंतर झालो, डाव्या कानाने, तो फर्नेसच्या आवाजाने.

तुमच्या नाइटचा रिलीव्हर आला नाही, एवढंच. ज्याला चार्ज परत द्यायचा तो मालक मेलेला. मग कोणाला देणार? उतारावरच राहणार.

त्या भल्या माणसाला पाडलं ते चूक. तेवढं मान्य. पण तो भला आहे हे उतारावरून कसं कळणार? सगळ्यांची चिलखतं सारखीच.

एक विचारतो, रागावू नका. त्या बाईने त्याला वर बोलावलं का? तुम्ही लिहिलंय तिने जेवण पाठवलं. बोलावल्याचं काही लिहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात बर्फ आहे. चहा नका ठेवू, थंड होतो.

तुमचा,
पर्सी


ग्वेल्फ, १५ फेब्रुवारी २०१७

पर्सी,

नाही बोलावलं. तुझं पत्र आल्यावर मी कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली. कुठेही बोलावलेलं नाही. वर्गात मी हे सांगितलं तर शिकवणाऱ्या पोराने 'एक्सलंट पॉइंट' म्हणून लिहून घेतलं. पॉइंट हॅमिल्टनच्या एका फोरमनचा आहे, हे मी सांगितलं नाही. तुझ्यावर रागावले होते.

पण तिने का बोलावलं नाही, तेही ऐक. तो तिला कशालाही हो म्हणतो. 'वर ये' म्हणाली असती तर तो आलाच असता. पण तिच्यासाठी आला, की मालकाची बायको सांगते म्हणून आला, हे तिला कसं कळणार? आज्ञा पाळणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. त्याच्या मनात काय आहे ते त्यालाही विचारता येत नाही, कारण तो 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो.

आता वचनाचं. या कथांत एक रीत आहे. कोणीतरी नाइटकडे येतं आणि म्हणतं, मला एक दान दे. काय हवं ते सांगत नाही. नाइट आधी हो म्हणतो, मागणं नंतर ऐकतो, आणि मग काहीही असलं तरी पाळतो. वर्गात सगळे हसले, असं कोण करेल म्हणाले. मला हसू आलं नाही. मी असा माणूस नवरा केला होता. स्टीव्हनची सवय तुला माहीत आहे. 'लुर्डस, आधी हो म्हण, मग सांगतो.' मी कधी म्हटलं नाही. मी म्हणायचे, आधी सांग, मग बघू. तू मात्र गासच्या शाळेपासून त्याला आधी हो म्हणत आला आहेस.

तो गेला त्या दुपारी मी खाली कॉफी आणायला गेले होते. वर तुम्ही दोघे होतात. म्हणून परत विचारते, आणि हे शेवटचं. त्याने काय मागितलं? 'वहिनीला सांभाळ'? 'तिला दुसऱ्या कोणाचं होऊ देऊ नको'? काहीही असो, ते मला सोसेल. तू माझ्या गराजमध्ये उभ्याने चहा पितोस ते आता सोसत नाही.

आणि यापुढे बर्फ काढायला येऊ नकोस. मी त्या ट्रकवाल्याला परत ठरवलं आहे. गुलाबांना खांब ठोकले आहेत.

लुर्डस


ब्रॅम्पटन, २७ मार्च २०१७

प्रिय वहिनी,

हे क्लॅरिसाच्या बेसमेंटमधून लिहितोय. खिडकी जमिनीला लागून आहे. लोकांचे बूट दिसतात. चावी तिने काढून घेतली, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

तुम्ही येऊ नको म्हटलं तरी त्या मोठ्या बर्फाच्या दिवशी आलो, कारण तुमच्या ट्रकवाल्याचे सगळीकडचे कॉल असणार आणि तुमचा नंबर दुपारी लागणार, हे मला माहीत होतं. तुमच्या ड्राइव्हवेवर पडलो त्याबद्दल सॉरी. तुम्ही गाऊनवर, स्टीव्हनचे बूट घालून धावत आलात. अँब्युलन्समधल्या पोराला माझ्या गोळ्यांची नावं स्पेलिंगसकट सांगितलीत आणि त्याने एक चुकीचं लिहिलं तर खोडायला लावलंत. एवढं आठवतं. कोणीतरी हात धरला होता तेही आठवतं. नर्स असेल.

डॉक्टर म्हणतो हार्ट ठीक आहे, बरगडी जुळतेय. पण बर्फ बंद. कायमचा.

आता नोकरीच गेली म्हणून सांगतो.

त्या दुपारी तुम्ही खाली गेलात. स्टीव्हन बराच वेळ झोपलेला होता. मग डोळे उघडले आणि म्हणाला, "पर्सी, एक काम आहे. आधी हो म्हण." मी म्हणालो, हो. तो हसला. तेवढ्यात नर्स ड्रिप बदलायला आली. ती गेली तेव्हा त्याचा डोळा लागला होता. मी वाट बघत बसलो. तुम्ही कॉफी घेऊन आलात. त्यानंतर तो बोलला नाही.

वहिनी, त्याने काय मागितलं ते मला माहीत नाही. मी हो म्हटलंय एवढंच माहीत आहे. मग मी विचार केला, माणूस अशा वेळी काय मागेल? बायकोचंच मागेल. म्हणून जे जे मागितलं असतं असं वाटलं ते सगळं करत गेलो. बर्फ, टायर, गटर, गुलाब. त्यातलं एखादं तरी बरोबर असेल.

आणि आत आलो नाही, कारण तो 'आत जा' म्हणाला असता की 'जाऊ नको' म्हणाला असता, हे ठरवता येईना.

पर्सी


ग्वेल्फ, ३ एप्रिल २०१७

पर्सी,

नर्स नव्हती.

तुझं पत्र हातात घेऊन मी आधी चिडले, मग घरभर फिरले, मग बसून हसले, आणि परत चिडले. तोच क्रम अजून चालू आहे.

मी त्या माणसाबरोबर चार दशकं संसार केला. 'आधी हो म्हण' म्हणून त्याने माझ्याकडे काय काय मागितलं ते सांगू? पंखा बंद कर. तुझ्या बहिणीला आज फोन करू नको. पाठ खाजव. माझ्या ताटातलं कारलं तू खा. मोठं मागणं त्याने कधी असं मागितलं नाही. कॅनडाला जाऊ या म्हणाला तेव्हा तो सरळ समोर बसून, कागदपत्रं मांडून म्हणाला. 'आधी हो म्हण' हे त्याचं लहान कामांसाठीचं वाक्य होतं. तू शाळेपासून ऐकतोस, तुला हे कळायला हवं होतं.

त्या खोलीत पश्चिमेची खिडकी होती. दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर यायचं. मी असताना त्याने दोनदा पडदा ओढायला सांगितला होता. पर्सी, फार करून तो पडदा ओढ म्हणणार होता.

म्हणजे तू सहा हिवाळे एका पडद्यासाठी बर्फ उपसलास. आणि मी सहा हिवाळे खिडकीतून बघत, त्या मेलेल्या माणसावर मनात रागावत राहिले, की याने जाता जाता मला कोणाच्या तरी हवाली केलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. बिचाऱ्याला ऊन लागत होतं.

आता माझी पाळी. मी कधी हे वाक्य वापरलं नाही, आज वापरते. मला एक मागायचं आहे. आधी हो म्हण, मग सांगते.

लुर्डस


ब्रॅम्पटन, ७ एप्रिल २०१७

प्रिय वहिनी,

पडदा असेलही. मला ऊन दिसलं नव्हतं, मी त्याच्याकडे बघत होतो.

पण एक चूक सुधारतो. मी पडद्यासाठी बर्फ उपसला नाही. पहिल्या हिवाळ्यात शब्दासाठी आलो. दुसऱ्या हिवाळ्यात यायचं होतं म्हणून आलो. शब्द होता ते बरं झालं, नाहीतर सकाळी अंधारात पन्नास किलोमीटर गाडी घेऊन कशाला आलात असं तुम्ही विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? तुम्ही विचारताच. म्हणून शब्द जपून ठेवला. त्या ट्रकवाल्यालाही म्हणून घालवलं. त्याचा प्लाऊ तसा ठीक होता.

क्लॅरिसाने हे पत्र पोस्टात टाकायचं आहे. ती विचारतेय, "डॅड, व्हाय आर यू रेड?" मी सांगितलं हीटर जास्त आहे.

हो.

आता सांगा.

पर्सी


ग्वेल्फ, १२ एप्रिल २०१७

पर्सी,

मागणं एकच आहे. यापुढे मला वहिनी म्हणायचं नाही.

तू वहिनी म्हणालास की आपल्या दोघांच्या मध्ये स्टीव्हन येऊन खुर्ची ओढून बसतो. तो मला प्रिय होता, आहे. पण दर वाक्याला नको. मला बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव आहे. ते वापरणारं आता या देशात कोणी उरलेलं नाही. सगळे आंटी म्हणतात नाहीतर मॅडम.

मागणं संपलं. खालचं मागणं नाही, त्याला तू नाही म्हणू शकतोस. म्हणूनच वेगळं लिहिते.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी जेवायला वाढणार आहे. कोळंबीचं आंबट, भात, आणि गोड काहीतरी, जे तुझ्या डॉक्टरला चालेल. दोन ताटं. क्लॅरिसाला सोडायला सांग, परत न्यायची वेळ तिला सांगू नकोस. येताना गराजची किल्ली आण. तुझा रिलीव्हर आला आहे, चार्ज मी घेते. आणि गराजमधून येऊ नकोस. समोरच्या दाराशी ये आणि बेल वाजव. ते दार मी गेल्या सहा वर्षांत फक्त पार्सलवाल्यांसाठी उघडलं आहे.

बुधवारचा वर्ग संपला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्या कथेचा शेवट कसा हवा होता ते सांगायचं होतं. कोणी म्हणालं नाइट लढाईत मरावा, कोणी म्हणालं बाईने जोगीण व्हावं. मी म्हणाले, बाईने खाली उतरून तंबूचे खुंटे उपटावेत. त्या पोराने विचारलं, आणि मग? मी म्हटलं, मग जेवण थंड होत नाही.

येणार नसशील तर कळव, कोळंबी कमी आणते.

लुर्डस


ग्वेल्फ, रविवार, २३ एप्रिल २०१७

चार्ज

पर्सीने दिलं: गराजची किल्ली. बर्फाचं फावडं, दांड्याला टेप लावलेलं. मिठाची अर्धी बादली. टायरचा पाना, जो स्टीव्हनचाच होता आणि शोधून मिळत नव्हता.

लुर्डसने दिलं: समोरच्या दाराची किल्ली. निळा कप, यापुढे टेबलावर ठेवायचा.

देणारी-घेणारी: लुर्डस

देणारा-घेणारा: पर्सी. सगळं बरोबर मिळालं. शेरा: ~~वहिनी~~ लुर्डस, तुमची बेल वाजत नाही. मी बराच वेळ बाहेर उभा होतो.